स्क्रू आई-बाबांचा, खुंटी मुलाची

घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. आधी कोथरूड, सिंहगड रस्ता, मग वाकड, अलीकडे हिंजवडीच्याही पलीकडचे टॉवर. सुरुवातीच्या काळात नकाशावर 'मुलांची खोली' असं लिहिलेलं असलं, तरी आई-बाबांचा प्रश्न एकच असायचा : इथे कपाट केवढं बसेल? आता प्रश्न बदललाय. फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच फोनमध्ये शेकड्यांनी फोटो जमवलेले असतात आणि पहिलं वाक्य येतं, "थीम कोणती करू या?" मूल कधी तीन वर्षांचं असतं, कधी अजून जन्माला यायचं असतं. जंगल, अवकाश, समुद्राचा तळ, राजकन्येचा महाल, रेसिंग कार. यादी ठरलेली.

या बाबतीत माझं मत ठाम आहे आणि त्यापायी हातची काही कामंही गेलीत. मुलाच्या खोलीला थीम देऊ नये. खोली खेळकर हवी आणि दहा-पंधरा वर्षांनी शिळीही वाटायला नको, ही मागणी अगदी रास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत साधतात. फक्त त्यासाठी पैसे भिंतीवरच्या चित्रांवर न घालता मापांवर, उंचीवर आणि मोकळ्या जागेवर घालावे लागतात.

रेसिंग कारचा पलंग घ्या. बरा बनवून घ्यायचा तर एका चांगल्या फ्रिजइतका खर्च येतो. साधी सिंगल गादी सव्वासहा फूट लांब, तीन फूट रुंद. ती कुठल्याही गावात मिळते. कारच्या पोटात बसणारी गादी बहुतेकदा आखूड असते, म्हणजे ती खास शिवून घ्या. मूल दहा-अकराचं झालं की पाय बॉनेटवर. त्याच्या किती तरी आधी, दुसरी-तिसरीत, मित्र घरी येऊन हसायला लागतात आणि गाडीचा मालक त्या गाडीत झोपायचंच नाकारतो. विकायला काढावा तर पलंग खोलीतच जोडलेला, दारातून अख्खा निघत नाही. माझ्याकडचे मिस्त्री जोधपूरकडचे, पिढीजात सुतार. एका घरमालकांनी अशा गाडीचं ड्रॉइंग त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा ते कागद न्याहाळत म्हणाले, "गाडी तो बन जाएगी साहब, पर बच्चा इसे कितने दिन चलाएगा?"

मला त्याहून वेगळी गोष्ट खुपते. साध्या चौपायी पलंगाची सोमवारी बस होते, मंगळवारी होडी, बुधवारी दवाखाना. कारच्या पलंगाची फक्त कार होते. मुलाने जे स्वतः कल्पायचं, ते आपण आधीच प्लायवूडमध्ये कापून ठेवलेलं असतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच नियम सांगते. जे स्क्रूने बसतं ते आई-बाबांनी ठरवावं, जे खुंटीवर टांगलं जातं ते मुलाने. पलंग, कपाट, टेबल, फरशी, दिवे, पंखा, भिंतीचा मूळ रंग हे स्क्रूच्या बाजूचं. ते असं निवडा की मूल कॉलेजात गेलं तरी लाज वाटू नये. चादर, उशीचे अभ्रे, चित्रं, पताका, पतंग, पदकं, पोस्टर हे खुंटीच्या बाजूचं. तिथे तुमच्या आवडीचा संबंध नाही. चार वर्षांच्या मुलाला डोरेमॉन हवा असेल तर डोरेमॉनचीच चादर आणा, नाक मुरडू नका. सातव्या वर्षी स्पायडरमॅन येईल, दहाव्या वर्षी कुणी फलंदाज, चौदाव्या वर्षी आपल्याला नावही धड उच्चारता येणार नाही असा कोरियन गायक. चादर बदलायला काही शे रुपये लागतात. कपाटाच्या दारांवरचं लॅमिनेट बदलायला सुतार, धूळ आणि घरभर पसारा लागतो.

ही खुंटी मी शब्दशः बसवते. जुन्या वाड्यांत भिंतींना लाकडी खुंट्या असत. टोपीपासून पिशवीपर्यंत सगळं त्यांवर. आता बऱ्याच नव्या इमारती मायवान पद्धतीने बांधतात. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. त्यात हातोडीने खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकतो, भिंत ढिम्म. मग मूल आपलं चित्र चिकटपट्टीने लावतं, काढताना रंगाचा पोपडा येतो आणि आईचा आवाज चढतो. यावर उपाय सोपा आहे. एका पूर्ण भिंतीवर जमिनीपासून साडेतीन फुटांवर चार इंच रुंदीची सागवानी पट्टी, तिला वीतभर अंतरावर लाकडी खुंट्या आणि वरच्या कडेला चित्र उभं राहील एवढी खाच. ड्रिल एकदाच चालवायचं. पट्टीच्या खालच्या भिंतीला फळ्याचा काळा किंवा धुता येईल असा रंग द्यायचा आणि मुलाला सांगायचं, पट्टीच्या खाली तुझं राज्य, वर आमचं. ही हद्द मुलं विलक्षण काटेकोरपणे पाळतात, कारण त्यांना एकदाचं काहीतरी कायदेशीर मिळालेलं असतं.

थीमवाल्यांच्या उलट टोकाला दुसरी एक जमात उगवली आहे. यांच्या फोनमधल्या खोल्या ओटमीलच्या रंगाच्या असतात. भिंत पांढरी, पलंग फिकट लाकडाचा, खेळणी सगळी बिनरंगी, कोपऱ्यात एकच करड्या रंगाचा ससा. याला ते 'कालातीत' म्हणतात. मला तर ती चांगल्या हॉटेलातली खोली वाटते, जिथे चुकून एक मूल उतरलंय. मुळात ही शैली जिथून आली तिथे तिला कारण आहे. स्वीडन-नॉर्वेत हिवाळ्यात दिवस जेमतेम काही तासांचा असतो. मिळेल तो उजेड खोलीभर पसरावा म्हणून त्यांनी पांढऱ्या भिंती आणि फिकट लाकूड धरलं. आपल्याकडे अडचण नेमकी उलटी. चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन चकचकीत पांढऱ्या भिंतीवर पडलं की दुपारी डोळे उघडवत नाहीत. आपल्या हवेला थोडे मुरलेले, चकाकी नसलेले रंग मानवतात.

रंगांच्या बाबतीत मी कंपनीचं शेडकार्ड बाजूला ठेवते आणि घरातल्या आजीला बोलावते. साड्यांच्या दुकानात ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना रंगाची नजर असते. मोतिया, अबोली, चिंतामणी, गेरू, श्रीखंडी : यातला एखादा शांत रंग तीन भिंतींना, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला मात्र डाळिंबी किंवा मोरपिशी. दार उघडलं की रंग उसळून बाहेर येतो, मिटलं की खोली पुन्हा गप्प. मुलांना हे फार आवडतं आणि मोठ्यांना ते रोज सोसावं लागत नाही. मुलीला गुलाबी, मुलाला निळा हा हट्ट तर मी ऐकूनच घेत नाही. लग्नात गुलाबी फेटा बांधून मिशीला पीळ देणारे आपले काका-मामा डोळ्यांपुढे आणावेत, प्रश्न मिटतो.

मग खेळकरपणा कुठे असतो? माझ्या मते चार जागी : पलंगाच्या खाली, छताच्या कडीत, दिव्याच्या बटणात आणि रिकाम्या जमिनीत. यातली एकही गोष्ट फोटोत दिसत नाही, म्हणून कुणी मागत नाही.

पलंगाखालून सुरुवात करू. आपल्याकडे बॉक्स बेडचं वेड आहे. गादी उचला, आत रजया, लग्नातली भांडी, जुनी सूटकेस. आई-बाबांच्या खोलीत ते ठीक. मुलाच्या खोलीत पलंगाखालची पोकळी ही सर्वांत मोलाची जागा असते. तिथे गुहा होते, तंबू होतो, रुसून बसायची जागा होते. चादरीचं टोक खाली सोडलं की दार तयार. बॉक्स बेड ही सगळी जागा गिळून टाकतो. मी मुलांचा पलंग पायांवरच उभा करते, खाली चौदा-पंधरा इंच मोकळे. सामानाची फारच अडचण असेल तर चाकांचे दोन लाकडी खोके करून देते. ते ओढून बाहेर काढता येतात आणि बाहेर आले की त्यांची आगगाडी होते.

मजल्यांच्या पलंगाबद्दल मात्र मी कडक आहे. परदेशी फोटोंत तो छान दिसतो, कारण त्या फोटोंत छताला पंखा नसतो. आपल्याकडे छत नऊ-साडेनऊ फुटांवर, पंख्याची पाती साधारण आठ फुटांवर. वरच्या मजल्याची गादी पाच फुटांवर आली की तिच्यावर उभं राहिलेल्या मुलाचा हात थेट पात्यांत. पंखा हलवता येत नसेल तर तो पलंग करायचाच नाही. आणि सहा वर्षांखालचं मूल वरच्या मजल्यावर झोपवू नये, हा सल्ला अमेरिकेतली ग्राहक सुरक्षा यंत्रणासुद्धा देते.

छताची कडी हा माझा लाडका विषय. बिल्डर पंख्याचा हूक देतो, तेवढाच. खोलीचं काम चालू असतानाच भार पेलेल असा दुसरा एक मजबूत हूक स्लॅबमध्ये बसवून घ्यावा, पंख्यापासून लांब. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतात, तिथे विचारल्याशिवाय भोक पाडू नये, आर. सी. सी. सल्लागाराचा होकार घेऊन मगच. एवढं केलं की ती कडी वीस वर्षं पगार घेते. बारशाला तिला पाळणा लागतो. मग झोळी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दोरीचा झोका. नवव्या वर्षी लोंबकळायला जाड दोरखंड. पंधराव्या वर्षी वेताची टांगती खुर्ची किंवा मुष्टियुद्धाची पिशवी, आणि त्या वयात पिशवीची गरज घरातल्या सगळ्यांनाच कळते. खेळकर आणि टिकाऊ या दोन शब्दांचा एकत्र अर्थ कुणी मला विचारला तर मी या कडीकडे बोट दाखवीन. तिचा खर्च एका वॉलपेपरच्या गुंडाळीपेक्षा कमी आहे.

वॉलपेपरवरून आठवलं. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते. वरून हत्ती-जिराफ हसत असतात आणि मागे बुरशी वाढत असते. दोन-तीन पावसाळ्यांनी कोपरे सुटतात. दम्याचं मूल असलेल्या घरात तर हे सरळ दुखण्याला आमंत्रण आहे. चुनखडीचा किंवा साधा पाण्यातला रंग अशा भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल आली तर निदान ती दिसते तरी.

दिव्याच्या बटणाची गोष्ट अगदी छोटी आहे. घरातले स्विचबोर्ड साधारण चार-साडेचार फुटांवर असतात. पाच वर्षांचं मूल साडेतीन फुटांचं. म्हणजे स्वतःच्या खोलीतला दिवा लावायला त्याला दर वेळी हाक मारावी लागते, आणि रात्री अंधाराची भीती वाटली तर रडण्याशिवाय इलाज नसतो. वायरिंग करतानाच एका दिव्याला दुसरं बटण पलंगाशेजारी दोन-अडीच फुटांवर द्या. नुसतं बटण, प्लगची भोकं नकोत. पहिले आठ दिवस दिवा दोनशे वेळा उघडझाप होईल, होऊ द्या. नंतर त्या मुलाच्या चालण्यात जो रुबाब येतो तो कुठल्याही राजमहालाच्या वॉलपेपरने येत नाही.

आणि जमीन. दहा बाय दहाची खोली धरा, शंभर चौरस फूट. सिंगल पलंग एकोणीस फूट घेतो, सहा फुटी कपाट बारा, टेबल आठ. दार उघडायची जागा सोडली तरी निम्म्याहून जास्त खोली मोकळी राहते. पण 'पाहुणे आले तर' म्हणून डबल बेड घातला, 'पुढे लागेल' म्हणून कपाट आठ फुटी केलं, टेबलाशेजारी पुस्तकांचं शेल्फ उभं केलं, की मुलाला उरतो तो एक बोळ. वर्षातून चार रात्री येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण रोजच्या रहिवाशाची जमीन घेतो. भातुकली मांडायला, कॅरमभोवती चौघांना मांड्या घालून बसायला, रेल्वेचे रूळ पसरायला पाच बाय सहाची सलग जागा लागते. ती आधी खडूने फरशीवर आखून ठेवा, आणि मग उरलेल्या भागात फर्निचर बसवा. आम्ही सगळेच व्यावसायिक हे उलट्या क्रमाने करतो, कारण मोकळ्या जमिनीचं बिल लावता येत नाही.

आपल्या जुन्या घरांत मुलांची खोली नव्हती, हे खरं. पण एक गोष्ट आपोआप साधलेली होती : मोठी माणसंच जमिनीवर बसत. जेवण पाटावर, निवडणं-टिपणं सुपात, हिशेब बैठ्या डेस्कवर, झोप सतरंजीवर. त्यामुळे मोठ्यांचे डोळे दिवसातला बराच वेळ मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला असत. युरोपात टेबल-खुर्चीच्या घरांत हे नव्हतं. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरींनी 'बालकांचं घर' उघडलं, तेव्हा मुलाला उचलता येईल अशी लहान खुर्ची आणि हात पोचेल असं बुटकं कपाट त्यांना मुद्दाम घडवून घ्यावं लागलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. त्यांच्या हाताशी महागडी साधनं नव्हती. अंगण होतं, शंख-शिंपले होते, बिया होत्या, पानं होती. मुलाच्या हाताला येईल ते साधन. आता आपण सोफ्यावर चढून बसलो, डायनिंग टेबल आलं, ओटा उभा झाला. सगळं घर प्रौढांच्या उंचीला गेलं. मुलाच्या खोलीत तरी उंची खाली आणायला हवी, कारण बाकी घरात ती आता मिळत नाही.

उंचीचा प्रश्न सोडवताना कालातीत वस्तू कशी जन्माला येते, याचं उदाहरण नॉर्वेतलं आहे. पीटर ऑप्सविक या डिझायनरने पाहिलं, की आपला लहानगा उंच बाळखुर्चीत मावत नाही आणि साध्या खुर्चीत बसला तर पाय लोंबतात, हात टेबलाला पोचत नाहीत. त्याने १९७२ मध्ये ट्रिप ट्रॅप नावाची खुर्ची काढली. दोन तिरके लाकडी खांब, त्यांना रांगेने खाचा, बसायची फळी आणि पाय टेकायची फळी हव्या त्या खाचेत सरकवायची. बाळ असो की बाप, खुर्ची तीच. तिच्यावर अस्वल नाही, ससा नाही, रंगीत चाकं नाहीत. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ती बनते आणि विकली जाते. ती आयात करायची गरज नाही. खाचांची युक्ती आपला कोणताही सुतार करू शकतो. मी टेबलाची फळी अशीच करते. मूल लहान असताना ती खालच्या खाचेत, मोठेपणी तीस इंचांवर.

'आपलं' काहीतरी हवं म्हणून हल्ली एक नवी मागणी येते : मुलाच्या खोलीत वारली करा. म्हणजे गेरूच्या रंगाचं स्टिकर, त्यावर छापलेला तारपा नाच. मला हे जंगलाच्या थीमहून फार वेगळं वाटत नाही. वारली चित्रं लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी काढत. त्यात देवीचा चौक असतो, विधी असतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला विधीबाहेर कागदावर आणली, तिला स्वतःची भाषा दिली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिचा आदर करायचा असेल तर पालघर-डहाणूकडच्या एखाद्या चित्रकाराने हाताने काढलेलं एकच चित्र घ्या, खुंटीवर टांगा, आणि मुलाला त्यातली माणसं मोजू द्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथी करतात. त्यातलं एक चित्र, त्याखाली बसून सांगायची गोष्ट, आणि दर दोन-चार महिन्यांनी चित्राची अदलाबदल. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली ही तर शोभेच्या काचेत ठेवायची वस्तूच नव्हे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड त्यासाठी वापरत, ते मुलाच्या हाताला झेपावं असंच. ती झिजली पाहिजेत, रंग उडला पाहिजे.

गोधडीचंही तसंच. मॉलमध्ये आता गोधडीचं नक्षीकाम छापलेली कंफर्टर मिळतात. घरात आजी असेल, किंवा गल्लीत गोधड्या शिवून देणाऱ्या कुणी असतील, तर चार जुन्या साड्या त्यांच्याकडे द्या. धावदोऱ्याने शिवलेली गोधडी धुऊन धुऊन मऊ होत जाते. तिच्या ठिगळांत मुलाला काका-मावश्यांची लग्नं सापडतात. ही एकच वस्तू अशी आहे, जी खुंटीवरही चालते आणि वारशातही.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे गावाकडून आणलेला रंगीत पाळणा किंवा आजोबांचं ऑइलपेंटचं कपाट मुलाच्या खोलीत ठेवायचं असेल तर सावध राहा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते घासून काढताना उडणारी धूळ सर्वांत घातक. मूल घरात असताना ते काम करू नका. प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत घातलं. म्हणून कमी उत्सर्जनाचा प्लाय मागा, सगळ्या कडा बंद करून घ्या आणि काम संपल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मगच मूल झोपवा. गृहप्रवेशाचा मुहूर्त तेवढा थांबू शकतो. आणि उभं फर्निचर भिंतीला जखडा. २०१६ साली आयकिया कंपनीने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली होती, लहान मुलांच्या अंगावर ती उलटून मृत्यू झाले म्हणून. ड्रॉवर ही मुलाच्या लेखी शिडी असते. लोखंडी एल पट्टी आणि दोन स्क्रू, बास.

आता जरा अप्रिय बोलते. मुलांच्या खोलीत आई-बाबांचा जीव खरा कशात असतो? स्टडी टेबलात. बालवाडीतल्या मुलासाठी मला बुकशेल्फ, सॉफ्ट बोर्ड, प्रिंटरची जागा असलेलं टेबल करायला सांगतात. मूल गृहपाठ करतं कुठे? स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आई पोळ्या लाटत असते तिथे. किंवा हॉलमध्ये पालथं पडून. झोपतं कुठे? आई-बाबांच्या मध्ये, नाहीतर आजीच्या कुशीत. सजवलेल्या खोलीत राहतात ते इस्त्रीचे कपडे. यात मुलाचा दोष नाही आणि घराचंही काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे मुलं माणसांत वाढतात, ते चांगलंच आहे. पण मग पहिल्या सात-आठ वर्षांत ती खोली अभ्यासाची समजू नका. ती खेळायची, पसाऱ्याची, भांडायची, लपायची खोली आहे. टेबल पाचवीत करा. तोवर त्याच्या जागी काहीही करू नका.

आणि ज्यांच्याकडे मुलासाठी वेगळी खोलीच नाही त्यांनी हे वाचून हळहळू नये. वन रूम किचनमध्येही तीन फुटांची एक भिंत निघते. त्या भिंतीला खुंट्यांची पट्टी, खाली काळा रंग, शेजारी उघडं बुटकं शेल्फ ज्यातलं खेळणं मूल स्वतः काढील आणि स्वतः ठेवील. एवढ्यावर मालकी हक्क बसतो. पंधराशे चौरस फुटांच्या घरातल्या कितीतरी मुलांकडे तोही नसतो. तिथे चित्र लावायला परवानगी लागते आणि खेळणी पाहुण्यांना दिसतील अशी ओळीने मांडलेली असतात.

म्हणून माझ्याकडे किंवा कुणाकडेही मुलाच्या खोलीचं काम घेऊन जाताना फोनमधले फोटो आणू नका. टेप घेऊन मुलाशेजारी जमिनीवर बसा आणि तीन मापं घ्या : बसल्यावर गुडघ्याची उंची, उभं राहिल्यावर डोळ्यांची उंची, आणि हात वर केला की बोटं कुठवर जातात. नंतर त्यालाच विचारा, यातली कुठली जागा तुझी? खर्चाचा आकडा त्यानंतर काढायचा. तो आधीपेक्षा कमीच निघतो. त्यात माझी फीसुद्धा घटते, पण ते मी बघून घेईन.